आटपाडीच्या केंद्राचं दार

उमेद या शब्दाचा मला राग आहे. शब्दाचा तसा काही दोष नाही. पण तो ज्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा सारखा सारखा ऐकला, त्यांची चव त्याला लागली ती लागलीच. आजही एखाद्या संस्थेच्या सभेत कुणी उभं राहून "वर्षअखेरीला कार्यकर्त्यांची उमेद कशी टिकवावी" असं बोलायला लागलं की मला वाऱ्यानं फडफडणारं एक पोतं दिसतं आणि माझं डोकं फिरतं.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझं माहेर कृष्णाकाठचं, उसातलं, आणि सासरही तसंच. नवरा पलटणीत होता. पलटण समुद्रापलीकडे होती, पण कुठे ते पत्रात लिहायची बंदी होती. मी मराठी सातवी पास झालेली, मूलबाळ नव्हतं. जावांच्या हाताखाली भाकऱ्या थापत तारेची वाट बघण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून सांगलीच्या एका संस्थेत लागले. संस्था बाळंतपणाचं काम करायची. दुष्काळी मुलखात केंद्रं काढायची, तिथे शिकलेली सुईण ठेवायची, बायका आणि पोरं जगवायची. काम चांगलं होतं हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणाला वाटेल की मला कामाचा राग आहे. काम इतकं चांगलं होतं, म्हणून तर बाकीच्या गोष्टींनी अंगाचा तिळपापड व्हायचा.

कार्यालय सांगलीला, विश्रामबागेत, एका गृहस्थांनी दान दिलेल्या जुन्या बंगल्यात. केंद्रं मात्र लांब. एक वडूजला, एक आटपाडीला, आणखी काही अशाच ठिकाणी, जिथे पाऊस नुसता तोंड दाखवून जातो. मला आटपाडीला धाडलं. तिथे एक सुईण आधीपासून होत्या. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा, मीही बाईच म्हणायची. वडूजकडच्या शेतकरी घरातल्या. लहानपणी लग्न झालं, कळायला लागायच्या आत कपाळ पांढरं झालं, मग भावानं पुण्याला नेऊन सुईणपण शिकवलं. तपकीर ओढायच्या, बाप्यांना तोंडावर शिव्या घालायच्या, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडची मेंढरं माना वर करायची. पण अडलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवला की त्या एकदम हळू बोलायला लागायच्या. त्यांचं ते हळू बोलणं ऐकायला म्हणून लांबलांबच्या वस्त्यांवरून बायका बैलगाडीत पडून यायच्या.

संस्थेच्या जवळजवळ सगळ्या सुइणी विधवा होत्या. हा योगायोग नव्हता. आमचे कार्यवाह भर सभेत सांगायचे, "आमच्या भगिनींना संसाराची अडचण नाही. त्या पूर्ण वेळ समाजाला देऊ शकतात." लोक टाळ्या वाजवायचे. मला ते ऐकताना वाटायचं, सरळ सांगा की, यांची घरी वाट बघणारं कुणी नाही, कुठेही नेऊन टाका, तक्रार करणार नाहीत. पण सरळ सांगायची आमच्या संस्थेत पद्धत नव्हती.

संस्थेची स्थापना संक्रांतीची, म्हणून संस्थेचं वर्ष संक्रांतीला संपायचं. आणि आमच्यातला जीव त्याच्या महिनाभर आधीच संपलेला असायचा. मार्गशीर्ष लागला की थंडी, बाळंतपणांची गर्दी, वस्त्यावस्त्यांवर पायपीट. वर्षभर साठलेलं सगळं तेव्हाच अंगावर यायचं. कुठल्या ना कुठल्या केंद्रावर कुणीतरी बोचकं बांधायला लागायचं. मग सांगलीला काळजी लागायची. ती माणसाची नव्हे, वार्षिक सभेची. सभेला देणगीदार येणार, त्यांना सगळ्या भगिनी ओळीनं बसलेल्या दिसायला हव्यात. त्यामुळे उसाचं गुऱ्हाळ लागावं तसा आमच्याकडे उमेद वाढवायचा हंगाम लागायचा. कार्यवाह केंद्राकेंद्रांवर फिरून बोलायचे. समईनं कसं स्वतः जळून उजेड द्यावा, हे त्यांचं आवडतं बोलणं. समईत तेल कोण घालणार हे त्यात कधी आलं नाही.

आता दाराचं सांगते. केंद्राला दोन खोल्या होत्या. एकीत आम्ही राहायचो, दुसरीत बाळंतपणं व्हायची. बाळंतपणाच्या खोलीला चौकट होती, दार नव्हतं. घरमालकानं घर संस्थेला देताना ते काढून नेलं होतं. त्याला तिकडे कुणी नाव ठेवणार नाही. त्या कोरड्या मुलखात लाकूड म्हणजे दागिना. माणसं घर सोडताना दारं आणि तुळया बरोबर नेतात आणि नुसत्या भिंती मागे ठेवतात. त्यात लढाईमुळे लाकूड मिळेनासं झालेलं. मग आम्ही चौकटीवर पोतं टांगलं. एकदा एका धनगर म्हाताऱ्यानं, सुनेची सुटका नीट झाली म्हणून, हौसेनं कडब्याची ताटी करून दिली. ती त्याच्याच शेळ्यांनी खाल्ली. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं.

बाईंनी संस्थेकडे कधी काही मागितलं नाही, एक दार सोडून. पगार वाढवा म्हणाल्या नाहीत, बदली द्या म्हणाल्या नाहीत. कार्यवाह आले की त्यांना चौकटीपाशी नेऊन उभं करायच्या. "सायब, हितं दार पायजे. बाईमाणसाची जात, आडोसा नको व्हय?" कार्यवाह चौकटीला हात लावून बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की पाहू." दर वर्षी हेच. बोलणं फार गोड. त्या गोडीचाच मला जास्त राग यायचा, कारण गोड माणसाशी भांडता येत नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षात एक पहिलटकरीण आली. मेंढरं राखणाऱ्या घरची, अगदी पोरसवदा. सकाळची वेळ, उन्हं आलेली, पण वारं सुटलेलं. अंगणात तिचा सासरा, चुलतसासरा, दीर उकिडवे बसलेले. कळा जोरात यायला लागल्या आणि पोतं उडालं. पोरीनं समोर सासऱ्याला बघितलं आणि लुगडं खाली ओढून पाय आवळून घेतले. बाईंनी समजावलं, गोंजारलं. पुन्हा पोतं उडालं. मी दोन्ही हातांनी पोतं धरून उभी राहिले, तर बाईंना आत माझे हात हवे होते. बाई बाहेर येऊन बाप्यांवर ओरडल्या, ते उठून रस्त्यापलीकडे गेले. पण तो बाजाराचा दिवस होता, रस्त्यानं माणसांची रीघ लागलेली, आणि पोतं काही ऐकेना. शेवटी ती पोर उठून बसली आणि म्हणाली, "मला घरी न्या." सासूनंही तिचीच बाजू घेतली. "आवं बाई, लाजतीया ती. खोपीत अंधारात व्हईल की मोकळी."

बाईंनी हात जोडले, मग शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही. घरच्यांनी पोरीला गाडीत घातलं आणि नेलं. आम्ही मागून चालत गेलो. खोपीशी पोचलो तोवर सगळं होऊन गेलं होतं. नाळ गळ्याभोवती आलेली. पोरगी वाचली, पोर निळं होतं. मुलगा होता. ती सासू आमच्याकडे बघून म्हणाली, "देवाची मर्जी." बाई म्हणाल्या, "देवाला कशाला मधी वढतीस? वाऱ्याची मर्जी हाय ती."

घरी आल्यावर बाईंनी कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक पुढे ओढली आणि कपडे भरायला लागल्या. मी विचारलं, "आवं बाई, ह्ये काय?"

"साताऱ्याच्या दवाखान्यातनं बोलावणं आलंय. मागंच आलं हुतं, मी दडवून ठिवलं हुतं. आता जाते. संक्रांतीला सांगलीला यीन, तुमच्या त्या सभेत बशीन आणि तितनंच साताऱ्याची मोटार धरीन."

"आणि हितल्या बायका?"

"मी काय दार हाय व्हय गं, दर बारीला आडवी हुभी ऱ्हायाला?" आणि जपून ठेवलेलं लुगडं सगळ्यात वर ठेवत म्हणाल्या, "साताऱ्याला दारं हायती."

मला पाणी तापवता यायचं, हात धरता यायचा, वेळेला दम देता यायचा. आडवं आलेलं मूल फिरवणं मला जमणारं नव्हतं. बाई गेल्या तर केंद्र बंद पडणार आणि त्या मुलखातल्या बायका पुन्हा खोपीतल्या अंधारात बाळंत होणार, हे मला दिसत होतं. ट्रंकेचं झाकण बंद झाल्याचा आवाज मला अजून आठवतो.

त्याच आठवड्यात कार्यवाह आले. पांढरा स्वच्छ डगला, टोपी, बरोबर चहाचा थर्मास. बाई वस्तीवर गेल्या होत्या. मी कार्यवाहांना सगळं सांगितलं, पोराचं, पोत्याचं, ट्रंकेचं. त्यांचे डोळे भरून आले. खोटं सांगत नाही, खरंच भरून आले. मग थर्मासातला चहा पिऊन ते म्हणाले, "वर्षअखेरीला असं होतंच हो. माणसं थकतात. तुम्ही शिकलेल्या आहात, बाईंना सांभाळून घ्या. त्यांची उमेद टिकवणं हे आता तुमचं काम. आणि या वर्षी आम्ही सांगलीला खास तुम्हा कार्यकर्त्या भगिनींसाठी असा काही कार्यक्रम ठेवतोय की सगळा शीण जाईल बघा."

"आणि दार?" मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी नक्की पाहू."

संक्रांतीला आम्ही सांगलीला गेलो. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की उतारू उतरून ढकलणार. टपावर बाईंची ट्रंक. वाटेत मी त्यांना एकदोनदा विषय काढून बघितला. त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मनधरणी कुठल्या तोंडानं करणार? मला त्यांचं म्हणणं पटत होतं, तिथेच तर सगळी पंचाईत होती.

बंगल्याच्या दाराशी पोचलो आणि माझं पाऊल अडलं. फाटकावर स्वागताची कमान उभारलेली होती. कापडाची नव्हे, लाकडाची. चांगल्या रुंद फळ्या, रंधा मारलेल्या, त्यांवर रंगानं "सुस्वागतम्" आणि दोन्ही बाजूंना मोर. देणगीदार फळ्यांचं कौतुक करत आत जात होते. बाईंनी एका फळीवर बोटं आपटून बघितली, आवाज ऐकला आणि आत गेल्या.

सकाळी सभा झाली. समई जळली, उजेड पडला, टाळ्या झाल्या. दुपारी तो खास कार्यक्रम. कार्यवाहांनी उभं राहून जाहीर केलं की यंदा अध्यक्षांच्या पत्नींच्या हस्ते सर्व कार्यकर्त्या भगिनींसाठी हळदीकुंकू आणि तिळगूळ समारंभ ठेवला आहे, वर्षभराच्या सेवेचा हा कृतज्ञ सत्कार आहे.

आपण चुकीचं ऐकलं असं मला आधी वाटलं. मग आजूबाजूला बघितलं. पुढच्या ओळीत आमच्या सुइणी बसलेल्या, सगळ्या पांढऱ्या कपाळांच्या. या माणसांनी विधवा म्हणून निवडून निवडून बायका गोळा केल्या होत्या, वर्षानुवर्षं त्याचं भांडवल करून भाषणं ठोकली होती, आणि त्यांचा शीण घालवायला काय शोधून काढलं, तर हळदीकुंकू! हळदीच्या पेठेच्या गावात दुसरं काही सुचलं नसेल. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे मला माहीत आहे. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण दुष्ट माणसाला आपण निदान दिसतो तरी. यांना आम्ही दिसतच नव्हतो.

अध्यक्षांच्या पत्नींच्या लक्षात आलं. त्यांनी कार्यवाहांना बाजूला बोलावलं, दोघं कुजबुजले. कार्यवाहांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिथल्या तिथे ते म्हणाले असते, "बायांनो, आमची चूक झाली, नुसता तिळगूळ वाटू या," तर मी आज ही गोष्ट सांगत बसले नसते. पण बाहेर देणगीदारांच्या बायका येऊन बसल्या होत्या, वाणाच्या वाट्या मांडलेल्या होत्या. मग अध्यक्षांच्या पत्नी आमच्या ओळीपाशी आल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सगळ्याजणी जरा मागच्या खोलीत बसा हं. तिळगूळ अजून वळायचा राहिलाय. तेवढी मदत होईल."

त्या उठल्या. मीही उठले, तर एकीनं माझा दंड धरला. "तुम्ही कुठे निघालात? तुम्ही सवाशीण ना!" मागच्या खोलीचं दार कुणीतरी ओढून घेतलं, ऐन वेळी कुणी समोर यायला नको म्हणून. त्यांच्या हातचा तिळगूळ चालत होता, त्या चालत नव्हत्या.

मला पाटावर बसवलं. सगळ्या कार्यकर्त्या भगिनींमध्ये सत्काराला मी एकटी उरले होते. हळद लावली, कुंकू लावलं, ओटी भरली. एक बाई माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "यांचं कुंकू लढाईवर आहे हो. यांना तर आधी लावायला हवं. सांभाळा हं कुंकू." जशी काही मी नवऱ्याला बंदुकीच्या गोळ्यांतून पदराखाली धरून आणणार होते. बाकीच्यांनी चुकचुक केली. आणि मला एकदम कळलं की माझ्यात आणि त्या मागच्या खोलीतल्या बायकांत फक्त एका तारेचं अंतर आहे. तार आली की याच बायका, याच गोड आवाजात, मला म्हणतील, जरा आत बसा हं.

मी उठले. कपाळावरचं कुंकू पुसून टाकावं असं मनात आलं. हात वर गेला, पण पुसवेना. नवरा तिकडे कुठल्या वाळूत झोपला असेल ते माहीत नव्हतं आणि हात धजावला नाही. त्या बायकांनी मला एवढं भ्यायला लावलं याचा राग मला आजही आहे. ओटीतले तांदूळ, हळकुंड, खण, सगळं तसंच पदरात घेऊन मी मागे गेले आणि दार ढकललं.

आत सगळ्याजणी गोल बसून तिळगूळ वळत होत्या. कुणी रडत नव्हतं. बाई मात्र वळत नव्हत्या. त्या उभ्या होत्या आणि दाराकडे बघत होत्या. जुन्या बंगल्याची मागची बाजू ती, धान्य ठेवायची खोली. तिथलं दार बिजागऱ्यांचं नव्हतं. एकफळी, जाड, एका अंगाला वर आणि खाली लाकडाचा खुंट, आणि ते खुंट चौकटीच्या भोकांत फिरायचे. असं दार उचलून धरलं की निघतं. आटपाडीच्या चौकटीला अशीच भोकं रिकामी होती.

"दार चांगलं हाय," बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, वटी खाली ठिव. दोन हात लागतील."

बाकीच्यांना सांगावं लागलं नाही. तिळाचे हात लुगड्यांना पुसून सगळ्याजणी उठल्या. दार हललं, कुरकुरलं, वरच्या भोकातून वर सरकलं आणि खालून सुटलं. मागच्या बाजूनं गल्लीत जायला वाट होती. एकीनं तिकडे मान केली. बाई म्हणाल्या, "मागनं चोर जात्यात. आपुन पुढनं जायाचं."

आणि आम्ही पुढून गेलो. दिवाणखान्यातून, वाणाच्या वाट्यांमधून, त्या सगळ्या सवाशिणींच्या मधून. खांद्यावर आडवं दार आणि खाली पांढऱ्या कपाळांच्या बायका. त्यांच्यात मी एकटी कपाळभर कुंकवाची. शालू सावरत बायका बाजूला झाल्या. समोर यायला नको म्हणून जिच्यावर दार लावलं होतं, तीच बाई दार घेऊन समोर आली होती. पायरीपाशी कार्यवाह देणगीदारांबरोबर उभे होते.

"हे काय?" ते म्हणाले.

"दार हाय," बाई म्हणाल्या.

"अहो पण ते संस्थेचं आहे."

"आम्ही पण संस्थेच्याच आहोत," मी म्हटलं. "संस्थेचं दार संस्थेच्या केंद्रावर नेतोय. तुमच्या भगिनींची उमेद फार वाढलीय बघा."

देणगीदारांसमोर त्यांना ओरडता येईना. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. आम्ही कमानीखालून बाहेर पडलो. वडूजच्या केंद्रावरची सुईण जाता जाता कमानीच्या फळ्यांकडे निरखून बघत होती, हे मी पाहिलं. पुढे तिनं काय केलं ते मी विचारलं नाही.

मोटारअड्ड्यावर साताऱ्याची गाडी लागलेली होती, आटपाडीचीही लागलेली होती. ट्रंक आम्ही सकाळीच तिथे ठेवलेली. क्लीनरनं दार टपावर चढवलं, दोरीनं बांधलं आणि विचारलं, "ह्यो पत्र्याचा डबा कुठल्या गाडीत घालू, बाई?"

बाईंनी दोन्ही गाड्यांकडे बघितलं. तपकीर ओढली. मग माझ्यावरच खेकसल्या, "बघतीस काय? तुला दार बसवाय येतंय का? न्हाई येत. मग मलाच बसवाया पायजे. टाक रं, आटपाडीला टाक. दार बसवून मग जाते साताऱ्याला."

दार रुंदीला जरा कमी पडलं. फटीत आम्ही दगडाच्या चिपा बसवल्या, वर माती लिंपली. आतून कडी लागायला लागली. बाईंनी कडी काढघाल करून बघितली, पुन्हा पुन्हा, लहान पोरासारखी. पण ट्रंक भरलेलीच राहिली. रोज सकाळी मला ती भिंतीशी दिसायची आणि रोज मी तिच्याबद्दल बोलायचं टाळायची. एकेक बाई अडून यायची आणि बाईंचं साताऱ्याला जाणं पुढे जायचं.

होळीच्या आधी एक दिवस कार्यवाह आले. बरोबर शिपाई आणि भाड्याची बैलगाडी. मी अंगणात चुलीवर पाणी तापवत होते. आत तीच पोर होती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ती नव्हती. तिची धाकटी जाऊ होती, तीही पहिलटकरीण. त्याच सासूनं आणलेली. बाप्ये अंगणात बसलेले, वारं सुटलेलं. पण दार बंद होतं, आतून कडी होती, आणि आतून बाईंचा तो हळू आवाज येत होता.

कार्यवाह दारापाशी आले. मी पातेलं घेऊन मध्ये उभी राहिले. "आत बाई अडलीय."

ते थांबले. सावली नव्हती, उन्हात थांबले. आत एकदा मोठ्यानं किंकाळी झाली, मग शांतता, आणि मग पोराचं रडणं. खणखणीत. अंगणातला सासरा डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसायला लागला. कार्यवाहांचे डोळे भरून आले, नेहमीसारखे. मग ते घसा खाकरून हळूच म्हणाले, "फार चांगलं झालं. मी काय म्हणतो, ते दार. कार्यालयाच्या मागच्या खोलीला अगदीच उघडं पडलंय हो. वारं शिरतं, मांजरं शिरतात."

"पोतं लावा," मी म्हटलं.

"तसं नव्हे. पण दार मिळेल कधी?"

वर्षभर, नव्हे, वर्षानुवर्षं जो राग मी गिळला होता, तो तेव्हा फार थंड होऊन वर आला. मी त्यांच्यासारखीच मान हलवली. त्यांच्यासारखंच गोड बोलले.

"पुढच्या वर्षी नक्की पाहू."

त्यांना कळलं. टोपी काढून पुन्हा घातली आणि रिकामी बैलगाडी घेऊन ते गेले.

मी गरम पाणी घेऊन आत गेले. ट्रंक उघडी होती. वर घडी घालून ठेवलेलं, साताऱ्याला नेसायचं म्हणून जपलेलं बाईंचं लुगडं फाडून त्यांनी त्यात पोराला गुंडाळलं होतं. बाकीचे कपडे खाली पसरून त्यावर बाळंतिणीला निजवलं होतं.

"कोण हुतं गं भाईर?" बाईंनी विचारलं.

"कुणी न्हाई. पुढच्या वर्षी येणार हायती."

"मग दार लाव," बाई म्हणाल्या. "पोराला वारं लागतंय."